बंदूकवाले विरुद्ध बंदूकवाले

लाकडी_दस्ता

गेल्या शनिवारी इथे अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या बाकावर एक पंचविशीतला मुलगा येऊन बसला. एआर-१५ रायफल, वर दुर्बीण, खाली जादा मूठ, बाजूला टॉर्च, सगळा साजशृंगार. मी आपली माझी बोल्टवाली .३०-०६ रायफल घेऊन बसलो होतो, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची. अक्रोडाचा दस्ता, पोटात पाच काडतुसं. मी पाच झाडेपर्यंत त्याची तीस संपायची. त्याच्या गरम पुंगळ्या उडून माझ्या अंगावर येत होत्या, त्यातली एक कॉलरमधून आत गेली. मी तडकलो आणि म्हणालो, "बाबा रे, हरणाला एक गोळी पुरते." तो शांतपणे म्हणाला, "दुसऱ्या घटनादुरुस्तीत हरणाचा उल्लेख नाही, काका." (दुसरी घटनादुरुस्ती म्हणजे अमेरिकी राज्यघटनेतला बंदूक बाळगण्याचा हक्क. त्याने 'सर' म्हटलं होतं, पण सूर 'काका'चाच होता.) पलीकडून कुणीतरी 'फड' असा शब्द टाकला आणि तिघे हसले.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तमाशाचा फड आठवला होता, उसाचा फड आठवला होता. हा फड वेगळा. कार्टूनमध्ये दुनळी घेऊन सशामागे धावणारा तो टकला एल्मर फड, त्याच्यावरून आलेला. ज्याला स्वतःची शिकारीची बंदूक प्यारी आणि बाकीच्यांच्या बंदुका सरकारनं नेल्या तरी ज्याचं काही जात नाही, असा म्हातारा म्हणजे फड.

घरी येताना गाडीत राग होता, पण खरं सांगतो, शिवी बरोबर बसली होती. त्याच्या रायफलीकडे बघताना माझ्या मनात नेमकं तेच होतं: कशाला हवं हे खेळणं?

बाहेरून बघणाऱ्याला 'अमेरिकेतला बंदूकवाला' हा एकच प्राणी वाटतो. आत आलात की जातीपाती दिसतात. हरणांचे शिकारी, बदकांचे शिकारी, हवेत उडवलेल्या चकत्या (क्ले) फोडणारे, स्पर्धावाले, कमरेला लपवून बाळगणारे, उघड मिरवणारे, जुन्या महायुद्धी रायफली जमवणारे, आणि ज्यांच्या कपाटात आजोबांची एक बंदूक पडून आहे आणि काडतूस कुठलं लागतं तेही ठाऊक नाही, असे. प्यू रिसर्च या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. त्यातल्या ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण दिलं, शिकार फक्त ३२ टक्क्यांनी. म्हणजे मी ज्याला 'खरा बंदूकवाला' समजत होतो तो अल्पसंख्याक झालाय. त्याचा चिडचिडेपणाही कदाचित त्यातूनच येतो.

पण धागा काढायचं कारण माझी मान भाजली हे नाही. आपल्यातल्याच माणसाला हे लोक जितकं फाडतात तितकं विरोधकालाही फाडत नाहीत, हे मला कोड्यात टाकतं. दोन उदाहरणं देतो.

जिम झंबो हा शिकारीवर लिहिणारा मोठा माणूस, आउटडोअर लाइफ मासिकातलं जुनं नाव. फेब्रुवारी २००७ मध्ये शिकारीच्या मुक्कामावरून त्याने ब्लॉगवर चार ओळी लिहिल्या: एआरसारख्या रायफलींना शिकारीत जागा नाही, त्या अतिरेक्यांच्या रायफली आहेत. काही दिवसांत रेमिंग्टन या बंदूक कंपनीने प्रायोजकत्व काढलं, मासिकाशी नातं तुटलं, टीव्हीवरचा कार्यक्रम गेला. माफी मागितली, तरी आयुष्यभराची कमाई एका आठवड्यात साफ. पुढे त्या घटनेवरून क्रियापदच तयार झालं. एखाद्याला 'झंबो करणे'.

दुसरा डिक मेटकाफ. गन्स अँड अ‍ॅमो मासिकाच्या डिसेंबर २०१३ च्या अंकात त्याने लिहिलं की सगळ्याच घटनात्मक हक्कांचं नियमन होतं, आणि इलिनॉयमध्ये बंदूक लपवून बाळगण्याच्या परवान्याआधी १६ तासांचं प्रशिक्षण मागितलं तर हक्कावर घाला पडत नाही. सोळा तास! वाचकांनी वर्गण्या तोडायच्या धमक्या दिल्या. मेटकाफ गेला, संपादकानेही माफी मागून खुर्ची सोडली. बंदुका काढून घ्या असं यातलं कुणीच म्हटलेलं नव्हतं. दोघांचीही हयात बंदुकीत गेलेली.

माझा अंदाज असा की हे सगळं 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो' या एका म्हणीवर चाललंय. पण काळाच्या भीतीने आपण रोज नव्या म्हाताऱ्या मारतोय त्याचं काय? इथे रेंजवर जाणारे, न जाणारे, सगळ्यांनी लिहा.

---

खडूस

वाचलं. शाळेत पोरं मरताहेत आणि तुमचा वाद काय, तर लाकडी दस्ता चांगला की प्लास्टिकचा. आमच्या दृष्टीने सगळे एकाच माळेचे मणी.

---

लाकडी_दस्ता

@खडूस, तुमचा राग मला समजतो. पण कायदा बदलायचा असेल तर मतं कुठून येणार? याच माळेतले जे मणी बोलायला तयार आहेत त्यांच्याकडून. ते का बोलत नाहीत, तोच तर धागा आहे.

---

तीनशे_मीटर

एआरवाला हजर आहे. आधी पुंगळीबद्दल माफी, आमच्या जातबांधवाने मधे पडदा लावायला हवा होता. बहुतेक रेंजवर मागितला तर मिळतो. आणि तुम्ही उजवीकडे बसला होतात, डावीकडचा बाक घ्या, एवढं साधं आहे.

आता मुद्दा. एआरमध्ये एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. तुमच्या .३०-०६ ची एक गोळी माझ्या .२२३ पेक्षा कितीतरी जोरकस आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तरी माझी 'अतिरेक्यांची' आणि तुमची 'आजोबांची'. का? दिसते म्हणून? काळं प्लास्टिक आणि अक्रोड यातला फरक सौंदर्यशास्त्राचा आहे. (हो, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, पटकन बदलता येतं, हा फरक खरा आहे. तेवढा मान्य.)

दुसरं, तुम्ही ज्याला असहिष्णुता म्हणताय तिला इतिहास आहे. बिल रुगर, स्वतः बंदुकांचा कारखानदार. १९८९ मध्ये त्याने अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे संसदेला, पत्र लिहून सुचवलं की अमुक प्रकारच्या बंदुकांवर बंदी नको, मॅगझिनला १५ गोळ्यांची मर्यादा घाला. समजुतीचा प्रस्ताव होता म्हणा. १९९४ चा कायदा आला तो बंदीही घेऊन आला आणि मर्यादाही, आणि ती १० ची. तो कायदा २००४ मध्ये संपला, रुगर त्याआधीच वारला, पण जुन्या माणसांसमोर त्याचं नाव काढून बघा.

स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीचं तर विचारूच नका. मार्च २००० मध्ये क्लिंटन सरकारशी करार केला: कुलपं देऊ, विक्रेत्यांवर अटी घालू. गिऱ्हाइकांनी असा बहिष्कार घातला की ज्या ब्रिटिश मालकाने १९८७ मध्ये सव्वाअकरा कोटी डॉलरच्या आसपास मोजले होते त्याने २००१ मध्ये रोख दीड कोटीत, कर्जासकट, कंपनी विकून टाकली. नव्या मालकांनी रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगाला किल्लीचं बारीकसं भोक ठेवलं. टाचणीच्या डोक्याएवढं. आजही ते भोक नसलेली जुनी रिव्हॉल्व्हरं लोक जास्त पैसे देऊन घेतात, आणि भोकाला हिलरीचं नाव दिलेलं आहे. पंचवीस वर्षं झाली! हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण एकदा दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, तेवढं लक्षात घ्या.

---

लाकडी_दस्ता

दूध प्यायलं कुणी आणि ताक फुंकतंय कोण, तोच प्रश्न आहे. मेटकाफने १६ तासांचा वर्ग एवढंच म्हटलं होतं हो. बाकी डावा बाक: बरोबर. पटलं.

---

अनुजा_के

बाईमाणसाचा अनुभव कुणीच लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिते.

दोन वर्षांपूर्वी दुकानात गेले. एकटी. काउंटरमागच्या गृहस्थांनी पहिल्यांदा माझ्या मागे बघितलं, मिस्टर कुठे आहेत म्हणून. मग काच सरकवून एक गुलाबी मुठीचं, तळहातात मावणारं हलकं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. "हे बायका घेतात." मी म्हटलं, मला ते मोठं दाखवा. "तुम्हाला जड जाईल." मला काहीच माहीत नव्हतं म्हणून मी ऐकलं, आणि दुकानाच्याच रेंजवर भाड्याने तेच घेऊन झाडून बघितलं. पाच गोळ्यांत अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली आणि पाचव्या गोळीला माझे डोळे चाप ओढण्याआधीच मिटायला लागले. बंदूक जितकी हलकी तितका धक्का हाताला जास्त, हे शाळेत न्यूटनने शिकवलं होतं, पण काउंटरवर कोण आठवतो न्यूटन? शेजारी एक साठीच्या बाई होत्या. काही न बोलता त्यांनी आपलं पूर्ण आकाराचं ९ एमएम पिस्तूल माझ्या हातात दिलं. जड, आणि तरी लोण्यासारखं. वजनच धक्का खाऊन टाकत होतं.

त्या बाईंना मी अजून मानते. पण गंमत पुढे आहे. त्यांच्या महिला गटात जायला लागले तर तिथे वेगळी परीक्षा. कुणाला मत देतेस? लायसन्स असून रोज बाळगत का नाहीस? "मग घेतलीस कशाला?" आणि इकडे आमच्या मराठी मंडळात एका मैत्रिणीला चुकून सांगितलं, तर तिने मुलीला आमच्या घरी राहायला पाठवणं बंद केलं. सेफ दाखवला, किल्ली कुठे असते सांगितलं. उपयोग शून्य. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला नक्की सांगता येत नाही, म्हणून भांडले नाही. एकीकडे पुरेशी कट्टर नाही, दुसरीकडे पुरेशी सभ्य नाही.

---

नुसता_वाचक

@अनुजा_के, तो न्यूटन भारी. +१

---

उत्तर_वाट

सगळे 'आपल्यातला आपल्याला मारतो' म्हणताय, पण 'आपला' कोण हे ठरवतं कोण, ते कुणी बोललं नाही.

६ जुलै २०१६. मिनेसोटात फिलँडो कॅस्टिलची गाडी पोलिसांनी थांबवली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा बत्तीस वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस, बंदुकीचा परवानाधारक. परवानेवाल्यांना शिकवतात तसंच त्याने केलं: साहेब, माझ्याजवळ बंदूक आहे, सांगून ठेवतो. काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला.

आता विचार करा. सरकारी माणसाने कायद्याने बंदूक बाळगणाऱ्याला तो तसं सांगत असताना मारलं. एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन) या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या सगळ्या भाषणांतली भीती हीच ना? मग आकाशपाताळ एक व्हायला हवं होतं. दोन दिवसांनी एक निवेदन आलं, त्यात त्याचं नावही नव्हतं. चौकशी पूर्ण होऊ द्या, एवढंच. एनआरएच्या आपल्याच कित्येक सभासदांना ते झोंबलं, हेही लिहायला हवं, नाहीतर मीही @खडूस यांच्यासारखी एकच माळ ओवायचो.

आणि हे नवं नाही. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची माणसं भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेली. त्याच वर्षी भरलेली बंदूक रस्त्यात उघड बाळगायला बंदी घालणारा मलफर्ड कायदा झाला. सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगन. पाठिंबा कुणाचा? एनआरएचा. तेव्हा म्हातारी मेली तर काळ सोकावेल असं कुणाला वाटलं नाही, कारण म्हातारी दुसऱ्या आळीतली होती.

माझ्या ओळखीचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ आहेत, त्यांनी २०१५ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशनचं सभासदत्व घेतलं. मी विचारलं, वेगळी संघटना कशाला? ते म्हणाले, "रेंजवर मला कुणी वाईट वागवत नाही. फक्त मी आत आलो की सगळ्यांचं बोलणं जरा वेळ थांबतं."

---

खडूस

@उत्तर_वाट, हे माहीत नव्हतं. मलफर्डचं. वाचतो.

---

बांधावरून

अवांतर: आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची. त्यात कुणाचा हक्कबिक्क जातो असं आजोबांना कधी वाटलं नाही, रांगेचा कंटाळा मात्र यायचा.

---

लाकडी_दस्ता

मस्त आठवण, पण धागा अमेरिकेपुरताच ठेवू, नाहीतर दोनशे प्रतिसाद रानडुकरांवर होतील. :)

एनआरएचा विषय निघालाच आहे तर: ही संस्था १८७१ मध्ये निघाली ती यादवी युद्धात शिपायांचे नेम धड लागत नव्हते म्हणून. १९३४ मध्ये तिचा अध्यक्ष काँग्रेससमोर सांगत होता की ऊठसूट बंदूक घेऊन फिरणं मला पटत नाही, त्यावर कडक निर्बंध हवेत आणि परवाना हवा. तेव्हाचा अध्यक्ष! १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात रात्रभर चाललेल्या सभेत सभासदांनी जुन्या मंडळींना उलथवलं. त्यांना मुख्यालय कोलोरॅडोत नेऊन शिकार-निसर्ग वगैरेवर भर द्यायचा होता. म्हणजे फड आणि बिनफड हे भांडण माझ्या मानेपेक्षा बरंच जुनं आहे.

---

गावकुसाबाहेर

टेक्सासचं राहिलं. २०१४ मध्ये काही मंडळी लांब रायफली खांद्याला लावून हॉटेलांत जेवायला जात होती, हक्क दाखवायला. एनआरएच्या वेबसाइटवर कुणीतरी लिहिलं की हे चक्क विचित्र आहे, लोक घाबरतात. बरोबरच होतं की! तर उघड मिरवणाऱ्यांनी सभासदत्वाची कार्डं कापून फोटो टाकले आणि चार दिवसांत एनआरएच्या बड्या पदाधिकाऱ्याने सांगितलं की एका कर्मचाऱ्याचं ते वैयक्तिक मत होतं, चूक झाली. ज्यांना सगळे कट्टर म्हणतात त्यांनाही अधिक कट्टर भेटला. मी स्वतः बाळगतो, शर्टाखाली. वीस वर्षांत शेजाऱ्याला कळलेलं नाही. ज्याला कळवायची इतकी हौस आहे त्याच्यापासून मी दोन टेबलं लांब बसतो.

---

तीनशे_मीटर

यात मी तुमच्या बाजूने. मिरवणारे आम्हालाही नकोत.

---

पंचेचाळीस

एवढ्या चर्चेत कुणीतरी ९ एमएमला 'लोण्यासारखं' म्हटलं आणि कुणी आक्षेप घेतला नाही? .४५ चं पिस्तूल झाडून बघा, मग बोलू. ९ एमएम म्हणजे मच्छर.

---

अनुजा_के

झालं सुरू.

---

सेफची_किल्ली

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. धागाकर्त्यांनी विचारलंय की 'बोलायला तयार' मणी का बोलत नाहीत. माझ्याकडे उत्तर नाही, एक गोष्ट आहे.

२०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. आमच्या क्लबात तास-तास गप्पा चालतात, घरफोड्यांवर, सरकारवर, ९ आणि ४५ वर (नमस्कार @पंचेचाळीस). या आकड्यावर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. कारण तो काढला की पुढचा शब्द 'रेड फ्लॅग कायदा' (धोका वाटणाऱ्या माणसाच्या बंदुका कोर्टाच्या आदेशाने काही काळ काढून घेणारा) येतो, आणि तो उच्चारणारा त्या दिवसापासून झंबो. कनेक्टिकटने १९९९ मध्ये तसा कायदा केला, फ्लोरिडाने २०१८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने केला, तरी क्लबात तो विषय वर्ज्य.

न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एका आठवड्याच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि त्याच बंदुकांनी जीव दिला. दुकानदाराचे कागद चोख होते, कायद्याने त्याचा काही दोष नव्हता. पण त्या माणसाला झोप लागेना. मग दुकानदार, नेमबाज आणि सार्वजनिक आरोग्यवाले एका टेबलाशी बसले. काउंटरवर लावायचं पत्रक तयार झालं: गिऱ्हाईक अस्वस्थ वाटलं तर काय विचारायचं, कधी आज विकायचं नाही. मित्राचं बरं चाललं नसेल तर त्याच्या बंदुका काही दिवस आपल्याकडे ठेवून घ्या. पुढे इतर राज्यांनी ते उचललं. कायदा नाही, बंदी नाही, कुणाला फड म्हणायची सोय नाही.

मी ते पत्रक एका दुकानात भिंतीवर वाचलं होतं. दीड वर्षाने माझ्या नवऱ्याच्या मित्राचा घटस्फोट झाला. सहा फूट उंच, कट्टर, ट्रकवर सगळी स्टिकरं, माझ्याशी राजकारणावर तीनदा भांडलेला. एका रविवारी सकाळी दारात उभा. म्हणाला, "बेसमेंटला पाणी झिरपतंय. बंदुका तुमच्या सेफमध्ये राहतील का थोडे दिवस?" सात होत्या. त्यांचं बेसमेंट मी पाहिलेलं आहे, कोरडं ठणठणीत. आमच्या राज्यात ओळखीत लांब बंदुका अशा ठेवून घ्यायला अडचण नाही. काही राज्यांत त्यालाही बॅकग्राउंड चेक लागतो, काहींनी अशा प्रसंगासाठी सूट ठेवलीय, तेव्हा ठेवणाऱ्यांनी आधी आपल्याकडचा नियम बघून घ्या. मी चहा ठेवला. नवऱ्याने एकेक बोल्ट उघडून नळी रिकामी आहे ना पाहिलं आणि वहीत नंबर लिहून घेतले. पाण्याबद्दल आम्ही कुणीच काही विचारलं नाही.

नऊ महिन्यांनी तो न्यायला आला. जरा बारीक झाला होता, दाढी केलेली होती. सहा नेल्या. त्याच्या वडिलांची दुनळी अजून आमच्याकडेच आहे. दर पावसाळ्यात मी तिला तेलाचा हात फिरवते.